हिरव्या लोकरीचं चष्म्याचं घर

उंब्रजच्या विजयमालाचं तोंड फाटकं, असं सगळी आळी म्हणायची. खोटं नव्हतं ते. पण त्याच बाईच्या हातची वीण अशी घट्ट, की तिनं विणलेल्या पर्समध्ये मोहरी भरली तर दाणा बाहेर सांडायचा नाही. तोंड आणि हात एकाच बाईचे कसे, हे कोडं आळीला कधी सुटलं नाही आणि विजयमालानं ते कधी मनावर घेतलं नाही.

क्रोशाची सुई तिच्या हातात आली ती फौजेच्या क्वार्टरमध्ये. नवरा सयाजी हवालदार. तो ड्युटीवर गेला की अंबाल्याच्या त्या कोऱ्या भिंतींकडे बघत बसायचं, नाहीतर शेजारच्या गढवाली बाईच्या ओट्यावर जाऊन टेकायचं. त्या बाईला मराठी येत नव्हतं, हिचं हिंदी म्हणजे 'क्या करताय' आणि 'चाय पिओ'. दोघींच्या मधे एक सुई आणि सुताची रीळ, तेवढीच बोली. साखळी, खांब, मुका खांब ही टाक्यांची नावं तिला गावी परत आल्यावर कळली. हात आधीच शिकून बसला होता.

सयाजी पेन्शन घेऊन घरी आला, मळ्यात रमला आणि एका पावसाळ्यात कावीळ होऊन गेला. लढाईत नाही, बर्फात नाही. घरच्या खाटेवर, आईच्या आणि बायकोच्या डोळ्यांदेखत, पिवळा पडून गेला. मरणाला काही मोठेपणा असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो आठवडा बघायला हवा होता.

मागं राहिल्या दोघी. विजयमाला आणि तिची सासू बनाबाई. विजयमालानं सुई पुन्हा हातात घेतली. गळ्यात अडकवायची मोबाईलची पिशवी, चिल्लरीची पर्स, कुंकवाच्या करंड्याचा बटवा, चष्म्याची घरं. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याच्या गल्ल्याशेजारी तिचा माल दोरीला लटकलेला असायचा. लग्नाघरची माणसं रुखवतात मांडायला तिच्याकडून पर्सा न्यायची आणि वर 'नवरीच्या हातचं' अशी पाटी लावायची. नवरीला साधी साखळी घालता यायची नाही. विजयमाला त्या मांडवात जेवायला जायची, रुखवतापुढं उभं राहून "लय भारी हात हाय पोरीचा" म्हणायची आणि नवरीच्या आईचा चेहरा बघून घ्यायची. तेव्हा तिला हसू यायचं. शिसारी यायची वेळ पुढं होती.

बनाबाईचा मोतीबिंदू काढला आणि म्हातारीला जाड भिंगाचा चष्मा लागला. ती तो कमरेच्या चंचीत कोंबायची, पानसुपारीच्या आणि चुन्याच्या डबीच्या सोबतीला. कधीही बघावं तर काचेवर चुना.

"आत्या, चुना पानाला लावायचा असतोय, डोळ्याला न्हाई," विजयमाला म्हणाली.

"मग दे की घर करून. साऱ्या गावाच्या चष्म्याला घरं बांधलीस. माझाच तेवढा बेघर."

"करते. कुठला रंग घालू?"

बनाबाईनं चंचीची दोरी गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग म्हणाली, "सयाजीची जर्सी हाय न्हवं टरंकत? हिरवी. ती उसव."

विजयमालानं हातातली सुई खाली ठेवली. सयाजी गेल्यापासून त्या ट्रंकेला कुणी हात लावला नव्हता.

"बघत काय बसलीस माले?" म्हातारी म्हणाली. "कसर लागलीया तिला. किड्यानं खाण्यापरीस माझ्या कामी येऊ दे. माझ्या लेकाची हाय. त्यो न्हाई म्हणला नसता."

जर्सी निघाली. कोपरांना कापडाची ठिगळं, बाह्यांची कसरीनं चाळण केलेली, गळा विरलेला. धागा ओढला की तुटायचा. धड निघाली ती पाठीची लोकर. उसवलेल्या लोकरीत जुन्या विणीची वळणं बसलेली असतात, ती पाण्यानं काढावी लागतात. विजयमालानं तिच्या लडी केल्या, कोमट पाण्यातून काढल्या, खाली तांब्या बांधून वळणीवर टांगल्या. पाठ सरळ झाली. लोकर उरली एका चष्म्याच्या घरापुरती. टाकाभर कमी नाही, टाकाभर जास्त नाही.

तिनं तळाशी एक लहान कडं घातलं आणि तिथून गोल गोल वर चढवत नेलं. शिवण नाही, सांधा नाही, सगळा एकच धागा. क्रोशाचं एक आहे. शेवटच्या फासातून धागा काढून गाठ मारली, की पोरं खेचोत नाहीतर कुत्रं खेचो, वीण हलत नाही. पण फास मोकळा राहिला तर टोक ओढायचा अवकाश, केलंसवरलं सगळं सरसरत परत लोकर होऊन हातात येतं. म्हणून काम अर्धं ठेवायचं झालं की विजयमाला शेवटच्या फासात सेफ्टी पिन अडकवायची.

हे घर काठापर्यंत येऊन अडलं ते बटणावरून. बनाबाईला सयाजीच्या युनिफॉर्मचं पितळी बटण हवं होतं. विजयमालाचं म्हणणं, त्या वजनानं तोंड खाली लोंबेल, साधं हलकं बटण बरं. सासूसुनेत चार दिवस त्या बटणावरून धुसफूस चालली आणि तोवर चष्म्याचं घर पिन लावून पिशवीत पडलं.

त्याच पिशवीतून ते सांगलीला गेलं.

सांगलीत बचत गटांच्या बायकांचं प्रदर्शन भरलं होतं. कुठल्याशा महिला मंचानं भरवलेलं, आणि त्या मंचाच्या अध्यक्षा विनोदिनी मॅडम. हॉलच्या दारात फ्लेक्स. त्यावर उद्घाटनाला येणाऱ्या साहेबांचं तोंड जीपच्या टपाएवढं, मॅडमचं परातीएवढं, आणि ज्यांच्या नावानं हा बाजार त्या बायका खालच्या पट्टीत, हळदीच्या पोत्यावर माश्या बसाव्यात तशा. विजयमालानं तो फ्लेक्स बघितला आणि मनात म्हणाली, परत फिरावं. पण पहाटेची एसटी धरून आलेली, पिशव्या वाहून खांदे भरलेले. तिनं टेबल मांडलं.

शेजारी इस्लामपूरची लीलाबाई. शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, नाचणीचे पापड. वयानं मोठी, जिभेनं विजयमालाच्या जोडीची. टेबल मांडून होतंय तोच छातीवर बॅज लावलेल्या पोरी ट्रे घेऊन फिरू लागल्या. साहेबांच्या स्वागताला म्हणून प्रत्येक टेबलावरून चांगल्यातलं चांगलं उचलायचं आणि उचलताना बाईला हसायला लावून फोटो काढायचा. विचारणं नाही. "ताई, इकडे बघा" एवढंच.

लीलाबाईची मोठी बरणी गेली. तिनं फोटोत दात दाखवले आणि पोरी पुढं सरकल्यावर म्हणाली, "फीत कापायच्या आधीच निम्मं टेबल स्वागताला गेलं. ह्या साहेबाचं पोट हाय का गोदाम?"

"पोट गोदामातच हाय त्याचं, लीलाकाकी. फ्लेक्सवर मावलं न्हाई म्हणून नुसतं तोंड छापलंया."

पाहुण्यांची वाट बघत विजयमालानं पिशवीतून हिरवं घर काढलं. विकायला नाही, फक्त काठ कितपत ताठ राहतोय ते बघायला. तेवढ्यात विनोदिनी मॅडम पुढ्यात आल्या.

"अय्या, काय सुंदर शेड आहे. मिलिटरी ग्रीन ना हा?"

"जर्सीची लोकर हाय. माझ्या मालकांच्या. फौजेत हुते."

ते बोलायला नको होतं. बोलून गेली. आपल्या हातच्या कामाचं कौतुक झालं की विजयमालाची जीभ सैल सुटायची, हा तिचा एकच दोष, आणि तो नेमका तिथं नडला.

विनोदिनी मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. नळाची तोटी फिरवावी तसं आलं. "म्हणजे तुम्ही वीरपत्नी."

"न्हाई वं. फौजीची बायको. ते घरी गेले. काविळीनं."

"तेच ते. शेवटी देशसेवाच." पाणी थांबलं होतं. "हे आपण साहेबांना देऊ या. स्टेजवर, तुमच्या हस्ते. काय सुंदर क्षण होईल."

"ते द्यायचं न्हाई, मॅडम. माझ्या सासूचं हाय."

"सासूबाईंना दुसरं करून द्या ना."

"दुसरी जर्सी न्हाई. दुसरा नवराबी न्हाई."

लीलाबाईनं पापडाच्या पुडीआड तोंड नेलं. विनोदिनी मॅडमनी विजयमालाच्या खांद्यावर हात ठेवला, रोपट्याची माती दाबावी तसं दोनदा थोपटलं आणि गेल्या. तो हात उचलला गेल्यावरही विजयमालाला खांद्यावर काहीतरी चिकट राहिल्यासारखं वाटत राहिलं. तिनं पदरानं खांदा पुसला.

मग ती बाटली भरायला नळावर गेली. परत आली तर पिशवीचं तोंड उघडं.

"लीलाकाकी, माझं हिरवं कुठाय?"

"न्हेलं की. बॅजवाली पोरगी आली, म्हणली ताई हो म्हणल्यात." लीलाबाईचा चेहरा पडला. "तू न्हवतीस म्हणलीस?"

विजयमाला तिथून निघाली ती सरळ स्टेजमागच्या खोलीत. आत पाहुण्यांची नाश्त्याची व्यवस्था. ताटलीत अर्धवट टाकलेला शिरा, त्यात चमचे रुतलेले. कोपऱ्यात हारांचा ढीग, पाणी मारून मारून कुबट वास सुटलेला. खुर्चीवर कुणा कार्यकर्त्यानं बूट काढून पाय वर घेतलेले. आणि टेबलावर थर्माकोलच्या ट्रेमध्ये लीलाबाईची चटणी, कुणाचा मध, कुणाचे लाडू, आणि मधोमध सोनेरी रिबिनीवर सयाजीची पाठ.

तिनं हात घातला. विनोदिनी मॅडमनी मनगट धरलं. आवाज एकदम खाली आला.

"तमाशा करू नका हं. बाहेर कॅमेरे आहेत."

"माझी वस्तू हाय ती."

"तुमचा सत्कार ठेवलाय आपण. शाल, श्रीफळ, सगळं. अजून काय हवंय?" मॅडमनी ट्रे आपल्याकडे ओढला. "आणि काम जरा पूर्ण करत जा. एवढा मोठा धागा लोंबत होता, मी थोडा कापला. पिनपण काढली ती. साहेबांना टोचली असती."

विजयमालानं वर बघितलं. तिची पिन मॅडमच्या खांद्यावर होती. पैठणीच्या निऱ्या त्याच पिनेनं नीट बसवलेल्या.

तिनं मग ट्रेकडे बघितलं. काठाला वीतभर टोक लोंबत होतं. फास उघडा. या बाईनं पिन काढली होती आणि गाठ मारली नव्हती, कारण गाठ मारायची असते हे तिला माहीत नव्हतं.

"बरं," विजयमाला म्हणाली आणि बाहेर आली.

"गावलं का?" लीलाबाईनं विचारलं.

"गावंल."

साहेब आले. ढोल वाजले. फीत कापली गेली. सूत्रसंचालकानं माईकवर नाव पुकारलं. "सीमेवर लढता लढता देह ठेवणाऱ्या जवानाच्या पत्नी..." ज्या माणसाला विजयमालानं दोन्ही हातांनी उचलून मोरीपर्यंत नेलं, ज्याच्या अंगाचा पिवळा घाम पुसला, त्याला ह्या लोकांनी एका वाक्यात उचलून बर्फात नेऊन मारलं. तिथं टाळ्या मिळतात म्हणून. खाटेवर मेलेल्या माणसाला टाळ्या मिळत नाहीत.

ती स्टेजवर गेली. शाल अंगावर आली. नारळ हातात आला. साहेबांच्या अंगाला अत्तराचा भपका, इतका की जवळ उभं राहून तोंडानं श्वास घ्यावा लागला. विनोदिनी मॅडमचा तिच्यावर भरवसा नव्हता, त्यांनी ट्रे स्वतःच पुढं केला.

साहेबांनी चष्म्याचं घर उचललं. उलटसुलट बघितलं. कॅमेरा बघून ते दोन्ही डोळ्यांना लावलं. त्यात जर्सी होती, जर्सीत घाम होता, तो घाम कुणाचा होता, ह्याच्याशी ह्या माणसाला काही देणंघेणं नव्हतं. मग कपाळावर चढवलेला गॉगल काढून त्यानं त्यात सारला. अगदी मापात बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

विजयमाला साहेबांच्या कानाशी झुकली. "साहेब, ते माझ्या सासूसाठी केलंय. द्या परत."

साहेब कॅमेऱ्याकडे बघून हसत राहिले. ओठ न हलवता म्हणाले, "कार्यक्रम झाल्यावर बघू, ताई." आणि माईक जवळ ओढून म्हणाले, "या माउलीनं आपल्या कुंकवाची शेवटची खूण आज मला दिली."

दिली.

विजयमालानं नारळ खाली ठेवला. साहेबांच्या मुठीतून लोंबणारं टोक बोटाला गुंडाळलं आणि ओढलं.

पहिला टाका सुटला तो कुणाला दिसला नाही. मग काठ गेला. मग सरसर, सरसर, गोल फिरत धागा उतरू लागला. ती डाव्या हातावर तो गुंडाळत होती, घाई नाही, हिसका नाही, घरी ओट्यावर बसून चुकलेली ओळ उसवावी तशी. साहेबांना आधी वाटलं काही अडकलंय. त्यांनी हात वर केला तर धागा आणखी मोकळा सुटला. घट्ट धरावं तर कॅमेऱ्यासमोर फौजीच्या विधवेबरोबर लोकरीची रस्सीखेच करतोय असं दिसणार. सोडून द्यावं तर आत गॉगल. माणूस हसत उभा राहिला. हसू तेवढं वाळत चाललं.

समोर कुणीतरी फिसकन हसलं. मग कुणी हसेना. ढोलवाला काठी वर धरून तसाच थांबला होता.

गॉगलच्या काड्या दिसू लागल्या. काचा दिसल्या. शेवटी तळाचं कडं उरलं, तेही सुटलं, आणि साहेबांच्या मुठीत साहेबांचा गॉगल राहिला. विजयमालाच्या हातावर हिरवी लड होती.

माईक तिच्या तोंडासमोरच होता.

"माझे मालक सीमेवर गेले न्हाईत," ती म्हणाली. "घरी गेले, काविळीनं. आणि हे म्या कुणाला दिलं न्हवतं. माझ्या पिशवीतनं उचललं."

मग तिनं शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि विनोदिनी मॅडमपुढं हात पसरला. "माझी पिन."

मॅडमनी पिन काढून दिली. द्यावीच लागली. पैठणीच्या निऱ्या खांद्यावरून घसरल्या आणि त्या सावरण्यात मॅडमचे दोन्ही हात गुंतले.

खाली उतरताना एकाही बाईनं टाळी वाजवली नाही. कुणी बघत होतं, कुणी जमिनीकडे बघत होतं. त्याचं विजयमालाला वाईट वाटलं नाही, फक्त वीट आला. स्वतःच्या टेबलावरून माल उचलला जात होता तेव्हा दात दाखवलेल्या सगळ्या बायका आत्ता तोंड मिटून होत्या. एकटी लीलाबाई जागची उठली, स्टेजच्या पायऱ्या चढली, ट्रेमधली आपली चटणीची बरणी काखेत मारली आणि साहेबांकडे न बघता खाली आली.

"नारळ ठिवून आलीस की गं," ती विजयमालाच्या पिशव्या भरू लागत म्हणाली.

"खवट असंल."

"व्हय, आसंलच म्हणा."

टेबलं देताना मंचानं बायकांचा मोबाईल ग्रुप केला होता, त्यावरून विजयमालाचं नाव एसटी कराड ओलांडायच्या आत निघालं. पुढच्या प्रदर्शनात टेबल नाही, हेही कुणीतरी फोन करून कळवलं, वर "तुमच्याच भल्यासाठी" असं म्हणालं. तिनं फोन कानाशी धरला होता, मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत लड. एसटीच्या खिडकीतून वारा येत होता तरी अत्तर जात नव्हतं. साहेबाचा हात जिथं जिथं लागला तिथं तिथं ते बसलं होतं. तिला वाटलं होतं बसमध्येच तळाचं कडं घालावं. सुई काढली आणि परत ठेवली. त्या वासावर टाका घालवेना.

दिवेलागणीला ती घरी पोचली. बनाबाई उंबऱ्यात बसून होती. काचेवर चुना होताच.

"झालं का माझं घर?"

"न्हाई. उसवलं."

"आता का गं? बटणापायी?"

विजयमाला आत गेली. चुलीवर पाणी ठेवलं. आतूनच तिनं सगळं सांगितलं. कोण, कुठं, काय म्हणाले, डोळ्याला कसं लावलं, आत काय घातलं. सीमेवर मारलं हे आलं तेव्हा म्हातारीनं एकदा विचारलं, "माझ्या पोराला?"

"व्हय."

बनाबाई उठली, भिंत धरत चुलीपाशी आली. तिनं पिशवीतून लड काढली आणि नाकाशी नेली. चेहरा आंबट झाला.

"शी. कसला हा वास."

"धुते."

"एका पाण्यात जायचं न्हाई ह्ये."

"जाईस्तवर धुते."

पहिलं पाणी ओतलं. दुसरं ओतलं. तिसऱ्या पाण्यात म्हातारीनं चंचीतला रिठा टाकला. ती चंचीत रिठा कशाला ठेवायची हे कुणाला माहीत नव्हतं, आणि आज विचारायची वेळ नव्हती. विजयमालानं लड पिळली नाही. पिळली तर लोकर मोडते. तिनं ती तशीच निथळू दिली, वळणीवर टांगली, खाली तांब्या बांधला.

बनाबाई पुन्हा पुढं झाली, हुंगलं, मागं सरली.

"हाय अजून," ती म्हणाली. "उद्या परत काढू. तवर माझा चष्मा चुन्यातच बरा."

मग दारात जाऊन बसता बसता तिनं आणखी एक सांगितलं, सुनेकडे न वळता.

"माले, बटण तू म्हणतीस तेच लाव. आणि गाठ लगीच मार."